चक्क्याचं फडकं

“अप्पा, हेमाची जरा आंबट लागत असेल ना?” दादानं फोनवरून विचारलं.

अप्पांनी घोट तोंडात इकडून तिकडे फिरवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि ग्लास खाली ठेवला.

“आंबट आहे,” ते म्हणाले.

“बघ! चक्क्याच्या फडक्यात कॉफी बांधल्यावर दुसरं काय होणार?”

“फडकं नवं कोरं आहे,” मी फोनकडे तोंड करून ओरडले. “वापरायच्या आधी उकळून घेतलंय. दह्याचा थेंब लागलेला नाही त्याला.”

“अगं, चिडतेस काय? आपण फक्त कंपेअर करतोय. पिणारे अप्पा आहेत. त्यांना आवडेल ती घ्यायची.”

कंपेअर करतोय म्हणे. बंगळूरला सोफ्यावर बसून तो कंपेअर करत होता आणि इकडे मिरजेत मी ओळीनं मांडलेले ग्लास विसळत होते. माझा राग तसा पहिल्यापासून नाकावर, पण त्या हिवाळ्यात तो नाकावरून खाली उतरलाच नाही.

त्या वर्षी अप्पांच्या घशात कॅन्सरची गाठ निघाली. रेडिएशन झालं, दसऱ्याच्या सुमारास संपलं, गाठ गेली. डॉक्टर खूश होते. पण अप्पा जेवेनात. तोंड कोरडं पडलेलं, आवाज बसलेला, घास पुढे सरकायचा नाही. गरम नको, तिखट नको, आंबट नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि जाताजाता हेही सांगितलं होतं की वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तशी नळी होती. अप्पांनी ती पाहिली होती. घरी आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, “हेमे, ते नाकातलं नको.”

त्यांनी आपण होऊन मागावी अशी एकच गोष्ट होती, कॉफी. अप्पा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होते. मिरज जंक्शनवर हुबळीकडची माणसं पुष्कळ. त्यांच्या संगतीत अप्पा चहा सोडून कॉफीवर आले आणि घरात पितळी फिल्टर आला. आई त्या कॉफीत जायफळ घालायची आणि अप्पा “नासवलीस” म्हणायचे. आई जाईपर्यंत त्यांचं हे भांडण चाललं. पण फिल्टरची कॉफी म्हणजे वाफाळती हवी, आणि अप्पांना तर कोमट वरणसुद्धा सोसत नव्हतं.

तेव्हा दादा म्हणाला, कोल्ड ब्रू. दळलेली कॉफी गार पाण्यात रात्रभर भिजवायची, उकळायची नाही, म्हणून तिचा आंबटपणा आणि कडूपणा कमी होतो. त्यात भरपूर दूध घालून दिलं की कॉफीच्या निमित्तानं दूधही पोटात जाईल. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जाईल तितकी जाऊ द्या. कल्पना चांगली होती, हे मी मान्य करते. दादाच्या कल्पना चांगल्याच असतात. त्या अमलात आणायला दुसरं कुणीतरी लागतं, एवढंच.

मग कुरियर यायला लागलं. आधी आली काळ्या काचेची बाटली, तिच्यात घट्ट अर्क, दुधात मिसळून घ्यायचा. मग पुड्या आल्या, चहाच्या पुड्यांसारख्याच पण तळहाताएवढ्या, त्या पाण्यात टाकून फ्रिजमध्ये ठेवायच्या. मग तयार कॉफीचे डबे, नुसते फोडून प्यायचे. प्रत्येकाचे पुन्हा दोन-दोन प्रकार. आणि दर रविवारी सकाळी दादाचा फोन. अप्पांनी एकेक घोट घ्यायचा आणि निकाल द्यायचा.

“अर्काची कशी वाटली, अप्पा?”

“बरी आहे. पण पुड्यांची जास्त मऊ होती.”

“मऊ म्हणजे स्मूद! बरोबर. आणि डब्याची?”

“डब्याला मागून जरा जळका वास आहे.”

“अप्पा, तुमची जीभ भारी आहे हो!” दादा पलीकडून खूश व्हायचा. “पुढच्या आठवड्यात चिकमगळूरची एक पाठवतो. ती बघाच तुम्ही.”

मीही गप्प बसणारी नव्हे. स्टेशनजवळच्या दुकानातून मी ताजी कॉफी जाडसर दळून आणली. गाळण्याची भानगड नको म्हणून श्रीखंडाला चक्का टांगतो तसलं पातळ फडकं विकत घेतलं, त्यात पूड बांधून पुरचुंडी पाण्याच्या बरणीत सोडली आणि बरणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी पुरचुंडी पिळायची नाही, नुसती उचलून घ्यायची. पाणी कसं सुरेख तपकिरी उतरायचं.

अप्पांचे रेल्वेतले मित्र कल्लप्पाकाका रोज सकाळी फिरून येताना आमच्याकडे टेकायचे. उरलेले सगळे ग्लास तेच संपवायचे.

“पोरी, ह्यो कुठला?” त्यांनी एकदा विचारलं.

“माझा.”

“मग बाकीचं कशाला आणतीस? ह्योच बेस्ट हाय बघ. ते डब्यातलं तर औषध पिल्यासारखं लागतंय.”

“अप्पांना आंबट लागते ती.”

“आंबट?” काकांनी पुन्हा एक घोट घेतला आणि अप्पांकडे पाहिलं. “दिगंबर, तुझ्या जिभेला काय झालंय रे? ह्यात आंबट कुठलं आलं?”

“तुला काय कळतंय?” अप्पा बसक्या आवाजात म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मला काय हवं होतं ते उघड सांगते. मला अप्पांच्या तोंडून एकदा ‘हेमाची चांगली आहे’ एवढं ऐकायचं होतं. मी लग्न केलेलं नाही, त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. आईचं सगळं मी केलं. अप्पांच्या रेडिएशनच्या फेऱ्या मी केल्या. तोंडातल्या फोडांना मलम मी लावलं, रात्री उशाशी पाणी मी ठेवलं. दादा गाठ निघाली तेव्हा धावत आला, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलला आणि परत गेला. आणि आता त्याच्या बाटलीतलं काळं पाणी मऊ, आणि माझं आंबट! दर रविवारी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुकानात गेले तरी दिवसभर मी गिऱ्हाइकांवर खेकसत असायचे.

दुकान चष्म्याचं. मी तिथे नंबर काढून द्यायचं काम करत असे. दिवसभर एकच प्रश्न, “आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं?” माणसं या प्रश्नाला फार खोटं बोलतात. काहींना लाज वाटते, काहींना मला खूश करायचं असतं, काहींची अक्षरं ऐकून पाठ झालेली असतात. अशांसाठी आमच्याकडे एक साधी युक्ती असते. तपासणीच्या चौकटीत बिननंबरची काच सरकवायची. तिच्यानं काहीच बदलत नाही. मग विचारायचं, “आता?” माणूस “हां, आता फारच छान” म्हणाला की समजायचं, हा दिसतंय ते सांगत नाही, मनातलं सांगतोय.

संक्रांतीच्या आदल्या शनिवारी एका गिऱ्हाइकाला ती काच लावताना माझ्या डोक्यात ते आलं. आलं आणि डोक्यातून जाईना.

रविवारी सकाळी मी चिकमगळूरच्या बाटलीतला अर्क काचेच्या भांड्यात काढून ठेवला आणि बाटलीत माझी कॉफी भरली. दोन ग्लास घेतले. बाटली अप्पांच्या समोर आणली, त्यांच्या देखत एका ग्लासात ओतली. दुसऱ्या ग्लासात बरणीतली ओतली. दोन्हींत सारखंच दूध. दोन्ही ग्लासांत माझीच कॉफी होती. दादाचा फोन यायला अजून वेळ होता.

“ही दादाची नवीन,” मी म्हणाले.

अप्पांनी घोट घेतला. तोंडात फिरवला. डोळे मिटले.

“वा! हिला वास चांगला आहे. मऊ आहे.”

“आणि ही माझी.”

घोट. आठ्या.

“आंबट आहे गं. मागच्यापेक्षा कमी आहे, पण आहे.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या क्षणी कळली. मी बरणी उचलून दाणकन टेबलावर आपटली.

“दोन्ही माझीच आहेत! बाटलीत मी माझी भरली होती. एकाच बरणीतली कॉफी आहे अप्पा, एकाच! त्याच्या बाटलीतनं आली की मऊ आणि माझ्या बरणीतनं आली की आंबट? माझं नाव घेतलं तरी तुमचं तोंड आंबट होतं का?”

अप्पांनी बाटली उचलून निरखून पाहिली.

“एवढा राग आहे माझ्यावर? काय वाईट केलंय मी तुमचं? सांगा की! तो तिकडून बाटल्या पाठवतो, त्याचं कौतुक. मी इथे तुमची थुंकी पुसते, माझं काय?”

“हेमे, हळू.”

“नाही हळू! सगळ्या आळीला ऐकू दे!”

अप्पांनी दोन्ही ग्लास हातांनी थोडे पुढे सरकवले. मग म्हणाले, “मला चव लागत नाही.”

“काय?”

“कशाचीच नाही. रेडिएशन झाल्यापासून. पाणी आणि कॉफी सारखीच लागते मला. घट्ट-पातळ तेवढं कळतं.”

दिवाळीपासून ही मऊ, ती जळकी, हिला मागून वास, तिला पुढून वास असं ऐकत होते मी. रात्री बरणी भरताना पाण्याचा अंदाज चुकला का, दळण बारीक झालं का, म्हणून माझा जीव खाली-वर व्हायचा.

“मग हे सगळं कशाला सांगत होता?”

“तो विचारायचा.”

“अहो, पण मग सांगायचं ना त्याला, चव लागत नाही म्हणून!”

“मग तो काय विचारणार?” अप्पांचा आवाज आणखी बसला. “आधी कसं बोलायचा आठव. कसे आहात, बरा आहे, काळजी घ्या, हेमाला द्या. झालं. त्याला माझ्या आजाराची भीती वाटते, हेमे. आजाराचं काढलं की फोन ठेवतो. कॉफीचं काढलं की बोलत राहतो. लहानपणी माझ्याबरोबर ऑफिसात यायचा, तेव्हा तोंडाला असा खळ नसायचा त्याच्या. तसं बोलतो आता. मी म्हटलं, बोलू दे.”

“आणि मी? माझीच आंबट का? माझी बरी म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“तुझी बरी म्हटलं असतं तर तो पाठवायचा थांबला असता. मग संपलंच.” अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळेपणासुद्धा नव्हता, याची मला आजही चीड येते. अगदी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं ते म्हणाले, “तुला आंबट म्हटलं तरी तू उद्या करतेसच.”

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. मारावंसं वाटलं, हे खरं. बाप आहे, आजारी आहे, वजन कापसासारखं झालंय, हे सगळं दिसत होतं आणि तरीही वाटलं. जो राहतो त्याला कसंही बोलावं, तो जाणार कुठे! माझ्या सगळ्या करण्याची किंमत त्यांनी बरोबर ओळखली होती आणि ती ते निवांत खर्च करत होते.

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर दादाचं नाव. अप्पांनी फोनला हात लावला नाही. ते नुसते माझ्याकडे बघत होते. नाकातली नळी नको म्हणाले होते तेव्हा होती, तीच भीती त्यांच्या डोळ्यांत होती.

मी स्पीकर लावला.

“हां अप्पा, प्यायलात का चिकमगळूरची? कशी आहे?”

मी फोन दोन्ही ग्लासांच्या मध्ये ठेवला.

“हॅलो? हेमा?”

“चांगली आहे म्हणतात,” मी म्हणाले. दात आवळून बोलत होते. “मऊ आहे. वास चांगला आहे.”

“वाटलंच मला! आणि तुझी?”

“माझी आंबट आहे.”

दादा मोठ्यानं हसला. अप्पांनी डोळे मिटून घेतले आणि मग हळूहळू ते बोलायला लागले, ही कुठल्या डोंगरावरची, ती किती दिवस टिकते. मी स्वयंपाकघरात गेले, बरणीतली कॉफी मोरीत ओतली, पुरचुंडी सोडून पूड कचऱ्यात टाकली आणि फडकं धुऊन कपाटात कोंबलं. त्या दिवसानंतर मी कॉफी केली नाही. दादाच्या बाटलीतली दूध घालून रोज पुढे ठेवायची, बास. अप्पा ती न बोलता प्यायचे. वजन उतरायचं थांबलं होतं, त्यामुळे नळीचा विषय मागे पडला. आमच्यात बोलणं कामापुरतंच राहिलं.

पाडव्याला दादा यायचं ठरलं. सहकुटुंब. अप्पा न्हाव्याला बोलावून दाढी करून बसले. मी रागात होते, पण सण तो सण. दही आणून चक्का टांगला, दादाला आवडतं म्हणून वेलदोडा आणि केशर घालून त्याच फडक्यातून गाळून श्रीखंड केलं. सकाळी गुढी उभारली आणि फोन आला. ऑफिसात काहीतरी अचानक निघालं होतं, येणं जमत नव्हतं. पुढच्या महिन्यात नक्की. अप्पा “बरं बरं, काळजी घे” म्हणाले. कॉफीचं कुणीच काढलं नाही. दादानं येताना आणतो म्हणून बाटल्याही पाठवल्या नव्हत्या आणि घरातली शेवटची आदल्या दिवशीच संपली होती.

मी भांडी आपटत होते. अप्पांनी श्रीखंड बोटाला लावलंसुद्धा नाही, आंबट चालत नव्हतंच. ते दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होते. सकाळची घोटभर पेज सोडली तर काही घेतलं नाही. संध्याकाळी मी दूध दिलं, ते तसंच राहिलं. मला धास्ती वाटली आणि धास्ती वाटली म्हणून आणखी राग आला. कॉफीचं दुकान सणाचं बंद होतं म्हणून शेजारणीकडून थोडी पूड मागून आणली, हाताला लागलं ते फडकं घेतलं, पूड बांधली, बरणीत सोडली आणि फ्रिजचं दार धाडकन लावलं. बांधताना तोंडानं दादाचा उद्धार चालूच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घातलं आणि ग्लास अप्पांपुढे ठेवला.

“घ्या. दादाची नाही. दादाची संपली. आहे ती माझी आहे.”

अप्पा उठून बसले. घोट घेतला. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

“आंबट आहे,” ते म्हणाले.

मग मात्र माझा तोल सुटला. “आता कुणासाठी? अं? फोन तरी लागलाय का? कोण ऐकतंय? तो आला नाही, त्याच्या बाटल्या आल्या नाहीत, आणि तरी मी आंबटच? निदान घरात कुणी नसताना तरी—”

“हेमे,” अप्पा म्हणाले. त्यांनी आणखी एक घोट घेतला होता. “अगं, खरंच आंबट आहे.”

मी त्यांच्या हातातून ग्लास ओढून घेतला आणि तोंडाला लावला. आंबट होती. चांगली सणसणीत आंबट, शिळ्या दह्याची, वर वेलदोड्याचा वास. मी धावत जाऊन बरणीतली पुरचुंडी वर काढली. रागाच्या भरात मी चक्का टांगलेलं फडकं नुसतं पाण्यातून काढून वाळत टाकलं होतं, आणि काल तेच हाताला लागलं होतं. कॉफीचं फडकं तिकडे कपाटात तसंच होतं.

मी बाहेर आले. अप्पा जीभ टाळूला लावून बघत होते, पुन्हा पुन्हा, लहान मूल नवा दात चाचपतं तसं.

“वेलदोडा आहे का गं?” त्यांनी विचारलं.

मला रडू फुटलं. राग गेला नव्हता, हे मुद्दाम सांगते. तो आजही गेलेला नाही. अप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली, दादा अजून सणाला येतो म्हणतो आणि येत नाही, आणि अप्पांचं ते ‘तू उद्या करतेसच’ आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण त्या सकाळी मी दाराच्या चौकटीला धरून हमसाहमशी रडले.

“दादाला लावू का फोन?” मी नाक पुसत विचारलं. “सांगू चव आली म्हणून?”

अप्पांनी थोडा विचार केला.

“राहू दे. तो लगेच बाटल्या पाठवेल.”

“मग पाठवू दे की. तेवढंच बोलेल तुमच्याशी.”

“बोलला तर बोलेल,” अप्पा म्हणाले. “तो ग्लास आण इकडे.”

“ती टाकून देते. नासलीय. डॉक्टरांनी आंबट नको म्हणून सांगितलंय तुम्हाला.”

“टाकू नकोस. घोटभर राहू दे. लागतंय मला.”

मी ग्लास दिला. त्यांनी छोटा घोट घेतला, घसा चुरचुरला असावा, डोळ्यांत पाणी आलं, तोंड पुन्हा वाकडं झालं, आणि ते पुन्हा प्यायले. मग रिकामा ग्लास माझ्या हातात देत म्हणाले, “भयंकर आहे. उद्या नीट कर.”

“करते!” मी ओरडले.